इंजिन बदलले, ब्रेकचे काय?



या जिल्हा बैठकीपुढे तीन तालुक्यांनी मिळून पाठवलेला एक ठराव आहे. जुन्या पेट्रोल जीपला डिझेलचे दुसरे इंजिन बसवले म्हणून आरटीओ गाड्या अडवतात, दंड करतात, फेरनोंदणी नाकारतात. हा जाच ताबडतोब बंद करावा, असे त्यात म्हटले आहे. खाली सह्या करणारे सगळे माझ्या जवळचे, रात्री-अपरात्री सोबत फिरलेले कार्यकर्ते आहेत. तरीही आहे त्या स्वरूपात या ठरावासाठी मी हात वर करणार नाही. का, ते आधीच लिहून ठेवतो. म्हणजे बैठकीत त्यावर दोन तास जाणार नाहीत आणि कापसाच्या विषयाला वेळ उरेल.

आधी कबुली. माझी स्वतःची जीप तसलीच होती. वडिलांनी सरकारी लिलावात घेतलेली, पेट्रोलची, तीन गिअरची. पहिल्या दोन पावसांनंतर आमच्या पांदणीत ट्रॅक्टर शिरला तर शिरला, नाहीतर ही जीप. बाकी काहीच नाही. काळ्या मातीचा चिखल चाकाला असा धरतो की मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये बोट शिरत नाही. तेव्हा पुढची चाके ओढायला लागली आणि लो गिअर पडला तरच गाडी निघते. सरकीच्या बॅगा वावरात पोचवायच्या, बाळंतीण तालुक्याला न्यायची, मार्गशीर्षात वेचणीच्या बाया आणायच्या, सगळे तिनेच केले. अकोल्याला कृषीची पदवी घेताना ट्रॅक्टरची रचना पुस्तकात शिकलो, पण गिअर म्हणजे काय ते मला या जीपने शिकवले.

दोष एकच. पेट्रोल प्यायची. लिटरला सात किलोमीटर धड देत नव्हती. आणि त्या काळात पेट्रोल-डिझेलच्या भावात एवढी तफावत होती की कोणाही शहाण्या माणसाच्या मनात डिझेलचा विचार यावा. ही तफावत बाजाराने पाडलेली नव्हती. पेट्रोलचा भाव सरकारने जून २०१० मध्ये मोकळा केला, डिझेलचा ऑक्टोबर २०१४ मध्ये. तोवर डिझेलचा भाव दिल्लीत ठरायचा. भाव कृत्रिमपणे दाबला की त्याचे पीक भलत्याच वावरात उगवते, हे कापूसवाल्यांना मी काय सांगावे? इथे ते असे उगवले की पेट्रोलची धडधाकट इंजिने भंगारात गेली आणि भंगारातली डिझेल इंजिने जीपच्या बॉनेटखाली आली. गावोगावच्या मिस्त्र्यांनी ही अदलाबदल केली. त्यांनी कुठल्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाचे तोंड पाहिलेले नव्हते, आणि त्यांच्या हातात कला होती हे मी आजही म्हणतो.

हे काम अशक्यही नव्हते, कारण कंपन्यांनीही तेच केले. विलीज जीपची जुळणी मुंबईत १९४० च्या दशकाच्या शेवटी सुरू झाली. पुढे त्याच बनावटीच्या सांगाड्यावर कंपनीने इंटरनॅशनलच्या बी-२७५ ट्रॅक्टरच्या घराण्यातले डिझेल इंजिन बसवले. नंतर पूजोच्या परवान्याने इगतपुरीला बनलेले २.१ लिटरचे डिझेल आले. शेतकऱ्याने पाहिले की कारखानदाराला जमते, मग आम्हाला का नाही? फरक एवढाच की कारखान्याने इंजिनासोबत मागचे-पुढचेही पाहिले. आम्ही इंजिन पाहिले, बॉनेट लावले आणि निघालो.

आता थोडे गणित. कंटाळू नका, यात तुमचेच पैसे आहेत.

मूळ विलीज इंजिन २.२ लिटरचे. ताकद ६० अश्वशक्ती. पण खरी गोष्ट अश्वशक्तीची नाही, पिळाची आहे. मिस्त्री ज्याला टॉर्क म्हणतात तो. तो साधारण १४.५ किलोग्रॅम-मीटर, आणि तोही मिनिटाला २,००० फेऱ्यांवर. जीपमध्ये ज्यांना पसंती होती त्यांपैकी २.४ लिटरच्या जुन्या मर्सिडीज बनावटीच्या डिझेल इंजिनाचा पीळ जवळपास १४. म्हणजे डिझेल बसवले की गाडीत हत्तीचे बळ येते ही समजूत कागदावर टिकत नाही. बळ येते ते गिअरबॉक्समधून.

जुन्या तीन गिअरच्या पेटीचा पहिला गिअर २.८ चा, लो गिअर २.४६ चा, मागच्या डिफरन्शियलचा दातांचा हिशेब ५.३८ चा. तिन्हींचा गुणाकार ३७. इंजिनाचा साडेचौदाचा पीळ चाकांपर्यंत जाताना ५३७ च्या आसपास होतो. आता डिझेल इंजिनाबरोबर त्याचीच पाच गिअरची पेटी घेतली आणि तिचा पहिला गिअर ४ चा असला, तर गुणाकार ५३ वर जातो आणि चाकाशी पीळ ७४२. इंजिन किंचित कमी पिळाचे असूनही एक्सलवर ३८ टक्के जास्त ताण! गाडी गाळात रुतली, तुम्ही पहिल्या लो गिअरात क्लच झटक्यात सोडला, की तुटतो तो एक्सल नाहीतर क्रॉस. मग आपण म्हणतो, "आजकालचे स्पेअर हलके आले." स्पेअर हलके असतीलही. पण ओझे आपणच वाढवले होते.

उलटा घोटाळाही होतो. जीपचा ६.०० बाय १६ चा टायर एका फेऱ्यात सव्वादोन मीटर जातो. ट्रॅक्टरच्या जातीचे, मिनिटाला २,००० फेऱ्यांवर अडवलेले इंजिन जुन्या पेटीवर बसवले, तर टॉप गिअरमध्ये गाडी ताशी ५० किलोमीटरच्या पुढे जाणार नाही. कितीही पाय दाबा. मग कोणी गव्हर्नरचा स्क्रू पिळतो, आणि इंजिन आचके देऊन मरते. वेग हवा असेल तर वरचा गिअर लांबीचा लागतो. थोडक्यात, इंजिन आणि गिअरपेटी हे बैलजोडीसारखे आहेत. एक खिल्लारी आणि एक गावरान जुंपून सरी सरळ येत नाही.

आणखी एक जागा, जिथे बहुतेक गावठी कामे फसतात. इंजिन एका घराण्याचे, पेटी दुसऱ्या, त्यामुळे मध्ये लोखंडी प्लेट घालून दोघांना जोडावे लागते. ही प्लेट लेथवर केली आणि इंजिनाच्या क्रँकचा मध्य व पेटीच्या शाफ्टचा मध्य केसभर जरी चुकला, तरी पेटीचे पुढचे बेअरिंग काही महिन्यांत आवाज करू लागते. तो मध्य डायल गेज लावून पाहावा लागतो. डोळ्यांनी नाही, छिन्नीनेही नाही. तसेच नवी पेटी लांब असली की ट्रान्स्फर केस मागे सरकते. जीपचा दोन चाकांमधला पल्ला आधीच ८० इंचांचा. मागचा शाफ्ट आखूड होतो, त्याचा कोन वाढतो आणि क्रॉस दर हंगामात बदलावे लागतात. डिझेल इंजिन जड असते म्हणून पुढचे पाटे बसतात. मग एक पाटा वाढवतात. पाटा वाढवला की स्टिअरिंगची चाल बदलते. असे एकातून एक निघत जाते.

ब्रेकवर मात्र मला थांबायचे आहे.

मूळ जीपचे ब्रेक नऊ इंची ड्रमचे, बूस्टर नसलेले. पाय जोरात दाबावा लागतो, पण दाबला की लागतो. मी २०११ मध्ये एका मोडीत निघालेल्या प्रवासी गाडीचे डिझेल इंजिन आणि तिची पाच गिअरची पेटी बसवून घेतली तेव्हा मिस्त्री म्हणाला, "भाऊ, गाडी आता पळेल, बूस्टर टाकून घ्या." टाकला. पेट्रोल इंजिन स्वतःच हवा ओढून पोकळी तयार करते, त्यावर बूस्टर चालतो. डिझेल इंजिन ती पोकळी देत नाही. त्यासाठी वेगळा पंप लागतो. माझ्या गाडीत तो डायनॅमोच्या मागे होता आणि डायनॅमो पंख्याच्या पट्ट्यावर. म्हणजे एका रबरी पट्ट्यावर माझे पाणी थंड होत होते, बॅटरी चार्ज होत होती आणि ब्रेकही लागत होते. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते असे नाही. ठाऊक होते. मी त्यावर विचार केला नाही.

जानेवारी २०१६. बैठक आटोपून आम्ही पाच जण परत येत होतो. नाल्याच्या उतारावर पट्टा तुटला. बूस्टरमध्ये उरलेल्या पोकळीवर दोनदा ब्रेक लागला, तिसऱ्यांदा पेडल दगडासारखे झाले. समोर कडब्याची बैलगाडी. मी जीप बाजूला घातली. बैल वाचले, पण गाडीमागून पायी चालणाऱ्या माणसाच्या मांडीवरून बंपर गेला. कोरडवाहू पाच एकरांचा धनी. त्या वर्षी त्याची ज्वारी दुसऱ्यांनी कापली. पुढच्या खरिपात तो तिफणीमागे उभा राहू शकला नाही, आणि आजही पाय ओढत चालतो.

विमा होता. सर्वेक्षक आला, त्याने बॉनेट उघडून इंजिनाचा नंबर उतरवून घेतला आणि आरसी बुकाशी लावून पाहिला. आरसीवर पेट्रोल, बॉनेटखाली डिझेल. कंपनीने हात वर केले. कोर्टात वर्षानुवर्षे भांडता आले असते, आणि वकील म्हणत होता की अपघात झालेल्याला बहुधा मिळालेही असते. पण मांडीचे हाड कोर्टाची तारीख पाहून जुळत नाही. मी दोन एकर गहाण टाकली आणि दवाखाना भागवला. त्या माणसाने माझ्यावर फिर्याद केली नाही. "तुम्ही काय मुद्दाम केलं का," म्हणाला. हे वाक्य मला फिर्यादीपेक्षा जड गेले.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण ठरावात त्याबद्दल बरीच गल्लत आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२. मूळ कलमात बदल करण्याआधी आरटीओला कळवून मंजुरी घेण्याची वाट होती. त्या वाटेने ज्यांनी डिझेल इंजिन बसवून आरसीवर नोंद करून घेतली, त्यांनी घाबरण्याचे कारण नाही. तुमचे बुक सांभाळून ठेवा. २००० मध्ये कलम बदलले. बनवणाऱ्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी आरसीवरचा तपशील विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही, असे झाले. सीएनजी, एलपीजी, बॅटरी अशा दुसऱ्या इंधनावर किट बसवून जाण्यापुरती, तीही अटींवर, सूट ठेवली. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच कलम उचलून धरले. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२-अ बदलले: नियमाबाहेरचा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. इंजिन, पेटी, बूस्टर असे प्रत्येक वेगळे मोजले तर हिशेब तुम्हीच करा.

आता याच कलमाचा दुसरा भाग पाहा. ज्याच्या मालकीची दहा किंवा अधिक व्यापारी वाहने आहेत, त्याला त्याच बनावटीचे आणि त्याच प्रकारचे इंजिन आरटीओची आधी मंजुरी न घेता बदलण्याची मुभा राज्य सरकार देऊ शकते. दहा ट्रकवाल्यावर विश्वास, एका जीपवाल्यावर नाही! इंजिन तेच, पाने तेच, मिस्त्रीही कदाचित तोच. ठरावात बोट ठेवायला हवे होते ते इथे. ठरावात याचा एक शब्द नाही.

खर्चाची बाजूही बदलली आहे. पंधरा वर्षांवरील खासगी चारचाकीच्या फेरनोंदणीची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० झाली. २०२५ मध्ये वीस वर्षांवरील हलक्या वाहनांसाठी ती १०,००० केली. दर पाच वर्षांनी. डिझेलचा भाव मोकळा झाल्यापासून पेट्रोलशी त्याची तफावत पूर्वीसारखी राहिलेली नाही. महिन्याला दोन-तीनशे किलोमीटर फिरणाऱ्या जीपमध्ये इंजिन बदलण्याचा खर्च आज इंधनातून निघत नाही. माझा तर निघालाच नाही. दवाखाना धरला नाही तरीसुद्धा.

काल एका तालुकाप्रमुखाने फोनवर मला चांगलेच धरले. "भाऊ, तुमी अख्खी जिंदगी इन्स्पेक्टर हाकलायले लावली, अन् आता तुमीच आनखी एक इन्स्पेक्टर मांगता?" प्रश्न खोटा नाही. रात्रभर मलाही तोच टोचत होता. माझे उत्तर असे. माझ्या वावरात मी कोणते बियाणे पेरावे, माल कुठे विकावा, हे मला कोणी सांगू नये. चुकलो तर नुकसान माझे. माझ्या धुऱ्याच्या आत मी जीपला विमानाचे इंजिन बसवीन. पण पांदण संपली की डांबरी रस्ता लागतो, आणि त्या रस्त्यावर कडब्याच्या गाडीमागून कोणीतरी चालत असतो. माझ्या ब्रेकचा जुगार तो खेळत नव्हता. त्याच्या वतीने कोणीतरी माझी गाडी तपासायला हवी होती. ती तपासली असती तर मीच वाचलो असतो.

तेव्हा माझी दुरुस्ती अशी. "जाच बंद करा" हे वाक्य काढावे. त्याऐवजी मागणी असावी की केंद्र सरकारने जुन्या वाहनांत इंजिन आणि गिअरपेटी बदलण्यासाठी तपासणीची वाट उघडावी. त्याला नवा कायदा लागत नाही. बदलांच्या अटी ठरवण्याचा अधिकार कलम ५२ मध्येच केंद्राला दिलेला आहे. तो सीएनजीसाठी वापरला, शेतकऱ्याच्या जीपसाठी वापरला नाही. ऑस्ट्रेलियात, जिथे मैलोन्‌मैल कच्च्या रस्त्यावर अशाच जुन्या गाड्या चालतात, तिथे मान्यताप्राप्त अभियंता बदललेली गाडी तपासून प्रमाणपत्र देतो आणि त्यावर नोंदणी होते. इंजिन मोठे असेल तर ब्रेकही त्या मापाचे मागतो. आपल्याकडे पुण्याला एआरएआयसारखी संस्था आहे, जिल्ह्याजिल्ह्यात तंत्रनिकेतने आणि आयटीआय आहेत. चेसिस नंबर, इंजिनाची पावती, वजन भरून ब्रेकची चाचणी, वेल्डिंग, शाफ्टचा कोन, धूर. अर्ध्या दिवसाचे काम. फी घ्या, पण निर्णय पंधरा दिवसांत लेखी द्या, आणि नाकारले तर कारण लिहा. तोंडी नकार आणि दलालामार्फत होकार ही पद्धत आम्हाला नको. दुसरी मागणी: दहा वाहनांची अट काढून तीच मुभा एका वाहनाच्या मालकालाही द्यावी.

ही वाट उघडेपर्यंत कोणी नवीन अदलाबदल करू नये, असे मी स्पष्ट सांगतो. रागावलात तरी चालेल. मूळ इंजिन उतरवून बोअर करून घ्या. या जुन्या जीपचे पिस्टन, रिंगा, वॉल्व, बेअरिंग आजही आपल्या देशात बनतात आणि परदेशातही जातात. माल मिळत नाही ही सबब मिस्त्रीची आहे. इंजिनाचा ठोकळाच फुटला असेल तर त्याच बनावटीचे, त्याच प्रकारचे इंजिन पावतीसह घ्या आणि आरटीओकडे नंबर चढवून घ्या. ज्यांच्या जीपमध्ये आधीच दुसरे इंजिन आहे आणि आरसीवर नाही, त्यांनी निदान आज घरी गेल्यावर बॉनेट उघडावे. बूस्टरचा पंप कशावर चालतो ते पाहावे. पट्टा हाताने पिळून त्याला चिरा आहेत का ते बघावे आणि एक नवा पट्टा सीटखाली टाकावा. मग मोकळ्या जागी इंजिन बंद करून, गाडी ढकलून, ब्रेक किती पायात लागतो ते अनुभवावे. आपल्या गाडीचे पेडल दगड होते तेव्हा कसे लागते, ते उतारावर पहिल्यांदा कळू नये.

माझी जीप आता गोठ्यामागे उभी आहे. जुने पेट्रोल इंजिन मिस्त्रीकडे पोत्यात गुंडाळून पडले होते. सुदैवाने त्याने ते विकले नव्हते. बोअर करून आणले, आरसीवरचा नंबर पुन्हा बॉनेटखाली आला. तीन गिअरची पेटीही बसली. पावसाळ्याआधी फेरनोंदणीला नेणार आहे. पेट्रोल अजूनही तेवढेच पिते.

दुरुस्तीचा मसुदा लिहून आणतो आहे. अनुमोदनाला कोणी तयार असेल तर बैठकीआधी भेटावे.